मागाच्या घरातला ट्रायपॉड: उंची किती, आणि मधला दांडा कशाला

प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातलं आहे. पुढे राहतं घर, मागे पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग, आणि दोन्हींच्या मध्ये एकच भिंत. इकडे अशी घरं गल्लोगल्ली आहेत. घरात तेलुगू, दारात मराठी. अण्णा चादरी आणि नॅपकिन विणतात. मोठी मुलगी, जिला घरात सगळे अक्का म्हणतात, माल ऑनलाइन विकायला बघते. फोटो तीच काढते. कॅमेरा चांगला आहे: २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर, सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स. ट्रायपॉड कुणाच्या तरी लग्नात व्हिडिओ काढायला म्हणून घेतलेला, हलका, ॲल्युमिनियमचा.

तक्रारी दोन होत्या, आणि त्या वेगवेगळ्या आहेत असं घरच्यांना वाटत होतं.

पहिली आली बाहेरगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून. फोटो बघून त्याने विचारलं, चादर तिरकी विणली गेली आहे का? वरची कड रुंद, खालची अरुंद दिसते. अण्णांना हे फार लागलं. दुसरी तक्रार अक्काची स्वतःची. एकाच चादरीचे एकामागून एक फोटो काढले तर एखादा अगदी धारदार येतो, दोऱ्याचा पीळ दिसतो, आणि लगेच पुढचा मऊ. सेटिंग तेच, फोकस तोच. नक्षी छापलेली नाही, जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, विणलेली आहे, हे गिऱ्हाइकाला फोटोतूनच कळायचं असतं. वीण पुसली गेली की सोलापुरी चादर आणि छापील चादर फोटोत सारखीच.

दोन्हीवर उपाय म्हणून घरात ठरलं होतं की उंच आणि महाग ट्रायपॉड घ्यायचा. नवी पेठेतल्या एका दुकानात भावाने चौकशी केली, तर त्यांनी त्याची उंची विचारली, पाच फूट दहा इंच, आणि सहा फुटापर्यंत जाणारा घ्या म्हणून सुचवलं. मला बोलावलं ते यातला कोणता चांगला हे सांगायला.

दुकानातला नियम आणि त्याची जागा

दुकानदाराचा नियम चुकीचा नाही. बाहेर उभं राहून, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून तासन्‌तास काम करायचं असेल तर ट्रायपॉडची उंची डोळ्यावरूनच ठरवावी. हिशोब सोपा आहे. आपल्या उंचीतून साधारण १२ सेंमी वजा केले की डोळ्याची उंची मिळते. त्यातून कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ८-९ सेंमी काढा, मग हेडचे, म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावर कॅमेरा बसतो त्या भागाचे, १०-११ सेंमी काढा. जे उरतं तेवढे पाय हवेत, आणि तेही मधला दांडा खाली बसलेला असताना. भावाची उंची १७८ सेंमी, म्हणजे डोळा १६६ वर, आणि पाय १४६ सेंमीचे. अक्का १५८ सेंमी, तिला १२६ पुरतात. तलावाच्या काठावर उतार असेल तर आणखी दहा-पंधरा सेंमी जमेस धरावेत, कारण उताराकडचा पाय लांब करावा लागतो. देवळाच्या शिखराकडे कॅमेरा वळवायचा असेल तरीही थोडी जास्त उंची बरी, कारण वर बघताना व्ह्यूफाइंडर खाली जातो आणि मान मोडते.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणी सहसा सांगत नाही. खोक्यावर छापलेली कमाल उंची ही सेंटर कॉलम, म्हणजे मधला दांडा, पूर्ण वर काढून मोजलेली असते. अक्काच्या ट्रायपॉडवर ६० इंच लिहिलं होतं. टेप लावून पाहिलं तर तिन्ही पाय पूर्ण उघडल्यावर पायांचा जोड जमिनीपासून १०५ सेंमीवर. उरलेली उंची दांडा आणि हेड मिळून. म्हणजे साठातले जवळजवळ एकोणीस इंच हे पायांचे नव्हतेच.

पण या घरात मुळात कुणाच्या डोळ्याची उंची लागतच नव्हती. अक्का कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघते, पडदा वळतो, आणि हवं तर मोबाइलवरूनही शटर दाबता येतं. इथे उंची ठरवणार होती चादर.

चादरीचा मध्य

सिंगल चादर ६० × ९० इंच, म्हणजे अंदाजे १५२ × २२९ सेंमी. अक्का ती छताजवळच्या पाइपवर उभी टांगायची. खालची कड जमिनीपासून १५ सेंमीवर. म्हणजे चादरीचा मध्य १५ अधिक ११४, असा १२९ सेंमीवर. सपाट वस्तूचा फोटो काढताना लेन्सची नजर या मध्यावर आणि चादरीला काटकोनात हवी. तसं असलं की चारही कडा फोटोत समांतर येतात.

अक्काचा कॅमेरा कुठे होता? दांडा पूर्ण वर, कारण उंच असलेलं बरं असं गृहीत, आणि त्यामुळे लेन्स १४८-१५० वर. चादर चौकटीत बसावी म्हणून ती कॅमेरा थोडा खाली झुकवायची. मध्यापेक्षा वीस सेंमी वर, चादर पावणेचार मीटर अंतरावर. झुकाव जेमतेम तीन अंशांचा. डोळ्याला तो जाणवतही नाही. पण त्या तीन अंशांमुळे चादरीची वरची कड कॅमेऱ्याला सुमारे सहा सेंमी जवळ आणि खालची तेवढीच लांब गेल्यासारखी होते. रुंदीत तीन टक्क्यांहून थोडा जास्त फरक पडतो. १५२ सेंमीवर तीन टक्के म्हणजे पाच सेंमी. व्यापाऱ्याने बरोबर पाहिलं होतं. त्याने दोष मागाला दिला, एवढंच.

अण्णांना हे कागदावर रेघा मारून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे वीण सरळच हाय की माझी."

हे वाकडेपण संगणकावर सरळ करता येतं, आणि अक्का कधी कधी करायचीही. पण सरळ करताना एक बाजू ताणली जाते, तिथली वीण पातळ होते, आणि कडेचे गोंडे कापले जातात. शंभर चादरींचे फोटो असतील तर प्रत्येकाला तो खटाटोप. कॅमेरा एकदा योग्य उंचीवर बसवणं त्यापेक्षा स्वस्त.

अंतराचाही हिशोब इथेच करून टाकू, कारण उंचीचा प्रश्न खोलीच्या लांबीशी जोडलेला आहे. सेन्सर २३.५ × १५.६ मिमी. उभ्या चौकटीत वर-खाली थोडी जागा सोडून २५० सेंमी बसवायचे, तर ३५ मिमी लेन्सला साधारण ३.७ मीटर अंतर लागतं. बाहेरची खोली सोळा फूट लांब, म्हणजे जमतं. २४ मिमीवर अडीच मीटरमध्येही काम होतं, पण लेन्स जितकी रुंद तितकी उंचीतली चूक फोटोत जास्त ओरडते. वीस सेंमीची तीच चूक अडीच मीटरवरून साडेचार अंशांची होते आणि कडांमधला फरक सात टक्क्यांवर जातो. त्यामुळे जागा असेल तोवर मागे सरकावं.

एक फोटो धारदार, पुढचा मऊ

आता दुसरी तक्रार. या भागाचा गुंता सोडवायला सगळ्यात मजा आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खिडकीतून येणाऱ्या उजेडावर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) वर शटर पाव सेकंदाचं येत होतं. संध्याकाळकडे अर्ध्या सेकंदाचं. हा वेग ट्रायपॉडसाठी सगळ्यात त्रासाचा. फार छोट्या एक्स्पोजरमध्ये हादरा पकडलाच जात नाही. दहा-पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीचा एखादा हादरा एकूण वेळेच्या मानाने नगण्य ठरतो. मधल्या पट्ट्यात, एक सेकंदापासून साठाव्या भागापर्यंत, सगळा हादरा फोटोत उतरतो.

हादरा किती लागतो? ६००० पिक्सेलमध्ये २५० सेंमी बसवले, म्हणजे एक पिक्सेल चादरीवर ०.४ मिमीचा. तीन पिक्सेल हलले तर सव्वा मिलिमीटर. चादरीचा दोरा त्याहून बारीक. आता उलट बाजूने बघा: चादरीवर ०.४ मिमी सरकण्यासाठी ३० सेंमी वर काढलेल्या दांड्याचं टोक अवघं दोन-तीन शतांश मिलिमीटर डुललं तरी पुरे. केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

आणि भिंतीपलीकडे माग चालू.

धोट्याचा, म्हणजे बाण्याचा आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याचा, साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराच्या वर फेरे मारतो. प्रत्येक फेऱ्याला धोटा एका टोकाकडून दुसरीकडे आपटतो आणि फणी बाण्याला ठोका देते. म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास ठोके, आणि प्रत्येक ठोका पायाखालच्या फरशीतून पुढच्या खोलीत येतो. इथे राहणाऱ्यांना तो जाणवत नाही. उलट माग थांबले की झोपमोड होते, असं अण्णा सांगतात. ट्रायपॉडला मात्र जाणवतो. ठोका बसला की दांडा स्वतःच्या लयीत थरथरतो आणि हळूहळू शांत होतो. हलक्या ट्रायपॉडला शांत व्हायला सेकंदभर लागतो, आणि तेवढ्यात पुढचे दोन ठोके येऊन गेलेले असतात.

एखादा फोटो धारदार का, हेही यातूनच कळतं. भिंतीला लागून असलेला एकच माग जास्त त्रास देत होता. बाकीचे शेडच्या दुसऱ्या टोकाला. पाव सेकंदाचं शटर कधी दोन ठोक्यांच्या मधोमध, थरथर ओसरत आलेली असताना उघडायचं. तेव्हा फोटो चांगला यायचा. कधी नेमका ठोक्यावर. सगळं नशिबावर.

पण हे नुसतं म्हणून चालणार नव्हतं. मऊ फोटोला इतरही कारणं असतात, आणि या खोलीत त्यातलं एक डोक्यावरच गरगरत होतं: पंखा. पंख्याच्या वाऱ्याने टांगलेली चादर हलते, कॅमेरा स्थिर असला तरी. दोन्हींतला फरक ओळखायला मागच्या भिंतीतला खिळा कामी आला. फोटो मोठा करून बघायचा. खिळा धारदार आणि चादर मऊ, तर पंखा. खिळाही मऊ, तर कॅमेरा. अक्काचे जुने फोटो काढून बसलो. काहींत खिळा शाबूत होता आणि फक्त चादरीचा खालचा भाग पुसलेला, ते उन्हाळ्यातले. बाकी बहुतेकांत खिळ्यालाही दुहेरी कड होती. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून फोटो काढा असं सांगणं सोपं आहे, सांगणारा आपल्या घरी जातो. त्यामुळे चादरीच्या मागे, खालच्या कडेला, चिमट्यांनी लाकडी पट्टी लावून वजन दिलं आणि पंखा फक्त शटरच्या वेळी बंद.

मग चार फोटो काढले. दांडा वर आणि माग चालू; दांडा वर आणि माग बंद; दांडा खाली आणि माग चालू; दांडा खाली आणि माग बंद. प्रत्येक वेळी दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का वगळला. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून गोंड्याच्या एका दोऱ्यावर नजर ठेवली, तर फोटो काढायच्या आधीच उत्तर दिसत होतं: दांडा वर असताना तो दोरा पडद्यावर जागच्या जागी नाचत होता.

दांडा वर आणि माग बंद असताना फोटो चांगला आला. हे महत्त्वाचं आहे, कारण सेंटर कॉलम म्हणजे पाप असं मानणारे बरेच भेटतात. शांत खोलीत, टायमर लावून, हलक्या कॅमेऱ्याखाली उचललेला दांडा काम करतो. दांडा खाली आणि माग चालू असतानाचा फोटो जवळजवळ तितकाच चांगला, फक्त अगदी ठोक्यावर पडलेला एखादा किंचित मऊ. दोन्ही एकत्र आले की बिघडत होतं.

अण्णांचा प्रश्न लगेच आला. "माग बंद ठेवून फोटो काढायचा म्हणजे तेवढा खाडा कोण भरून देणार वो?" रास्त प्रश्न. चार फोटोंच्या परीक्षेपुरते थांबवले तेव्हाही कामगार दारात येऊन बघून गेले. त्यामुळे माग चालूच राहणार, हे धरून मार्ग काढायचा होता.

दांडा वाकतो, पाय वाकत नाहीत

मधल्या दांड्याने एवढा फरक का पडावा, हे अक्काला नीट समजून घ्यायचं होतं. तीन पाय पसरून उभे असतात तेव्हा वरच्या जोडाला आडवा धक्का बसला तर एका पायावर दाब येतो, दुसऱ्यावर ओढ. नळीला लांबीच्या दिशेने दाबणं किंवा ओढणं कठीण असतं, म्हणून रचना ताठ राहते. छपराची कैची याच तत्त्वावर उभी असते. दांडा मात्र एकटा, एकाच कड्यात आवळलेला, वर मोकळा. त्याला आडवा धक्का सरळ वाकवतो.

आणि वाकण्याचा हिशोब लांबीच्या घनाने वाढतो. दांडा ३० ऐवजी १५ सेंमी काढला तर टोकाचं वाकणं निम्मं नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. ४ सेंमीवर तर ते हिशोबात धरण्याइतकंही उरत नाही. जाडीचं उलट: नळीच्या भिंतीची जाडी त्याच प्रमाणात वाढते असं धरलं तर ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिमीऐवजी २८ मिमीची नळी म्हणजे अडीचपटीहून जास्त ताठ. पायांच्या बाबतीतही हेच, म्हणून अर्धवट उंची हवी असेल तेव्हा वरचे जाड भाग आधी उघडावेत आणि सगळ्यात खालचा बारीक भाग शक्यतो आतच ठेवावा. बरेच लोक नेमकं उलटं करतात, खालचं कुलूप हाताशी येतं म्हणून.

हा हिशोब दांडा कड्यात घट्ट आहे असं धरून. अक्काच्या ट्रायपॉडचं प्लास्टिकचं कडं घट्ट केल्यावरही बोटाने हलवलं की टकटक वाजत होतं. म्हणजे प्रत्यक्षात परिस्थिती हिशोबापेक्षा वाईट.

दांड्याच्या खालच्या हुकला वजन टांगून काय होईल? भावाने कांड्यांची, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या नळ्यांची, पिशवी आणून अडकवली. पाय फरशीवर जरा जास्त घट्ट टेकले, सांधे दाबले गेले, ट्रायपॉड लोटून पडण्याची भीती कमी झाली. पण वर काढलेल्या दांड्याचं वाकणं त्याने थांबत नाही, कारण वजन खालच्या टोकाला आहे आणि थरथर वरच्या. शिवाय मोकळी लटकणारी पिशवी स्वतःच झोके घेते. पिशवी ठेवायचीच तर तिचा तळ फरशीला टेकलेला असावा.

पायांखाली टॉवेलच्या घड्या घालण्याची कल्पना घरातूनच आली. घरात टॉवेलना काय तोटा! करून पाहिलं. ठोक्याची बारीक थरथर थोडी मंदावली, पण ट्रायपॉड मऊ गादीवर उभा राहिल्यासारखा संथ डुलायला लागला आणि उंचीची खूणही हलायला लागली. काढून टाकल्या. त्यापेक्षा एका पायाखालची शहाबादी फरशी ठोकल्यावर पोकळ वाजत होती, तिथून ट्रायपॉड हातभर बाजूला सरकवल्याने जास्त फरक पडला.

कुणी म्हणेल, आयएसओ वाढवा की. आयएसओ १६०० वर शटर साठाव्या भागावर येतं आणि मागाचा त्रास जवळपास संपतो. मोबाइलवर दिसणाऱ्या छोट्या फोटोला ते चालेलच, आणि घाईच्या दिवशी तसंच करावं. पण गडद मरून आणि बाटली-हिरव्या रंगांत दाणे दिसायला लागतात आणि विणीचा पोत त्यांत मिसळतो. आम्ही आयएसओ ४०० वर थांबलो, शटर पंधराव्या भागावर. मोठा फ्लॅश हा आणखी चांगला उपाय, कारण त्याची चमक इतकी क्षणिक असते की माग काय, भूकंप झाला तरी फोटो धारदार. बाजूने तिरपा टाकला तर वीणही उठून दिसते. तो खर्च पुढच्या हंगामासाठी ठेवला.

पैसे न घालता आधी काय झालं

जुन्या ट्रायपॉडवर, दांडा पूर्ण खाली, कॅमेरा उभा फिरवलेला, तर लेन्स ११३ सेंमीवर येते. चादरीचा मध्य १२९ वर. सोळा सेंमी कमी पडतात. सगळ्यांचा विचार एकाच दिशेने चालला होता की कॅमेरा वर कसा न्यायचा. चादर खाली आणता येते, हे सुचलं आईंना. त्या दारात उभ्या राहून शेंगा निवडत होत्या आणि म्हणाल्या, "पाइप उतरवा की जरा."

पाइप बारा सेंमी खाली घेतला. चादरीची खालची कड जमिनीपासून तीन सेंमीवर, मध्य ११७ वर. फरक राहिला चार सेंमीचा, तेवढा दांडा उचलला. फोटोत कडा समांतर, खिळा धारदार, माग चालू.

सिंगल चादरीचा प्रश्न इथे संपला, आणि एक रुपयाही खर्च झाला नव्हता. एक छोटी अडचण उरली. साध्या हेडवर कॅमेरा उभा फिरवला की तो एका बाजूला लोंबतो आणि तळाच्या प्लेटवर हळूहळू फिरत खाली सरकतो. एल आकाराची प्लेट लावली की कॅमेरा उभा असतानाही वजन मधोमध राहतं. ती मात्र घ्यायला सांगितली. स्वस्तात मिळते, आणि दर फोटोमागे आवळाआवळ वाचते.

मग नवा ट्रायपॉड घेतला तो का

दोन कामं जुन्यावर होत नव्हती म्हणून.

एक, डबल चादर. ९० × १०८ इंच, म्हणजे २२९ × २७४ सेंमी. उभी टांगली तर मध्य १४२ सेंमीवर जातो, आणि खाली उतरवायला जागाच नाही. खोलीची उंची दहा फूट. जुन्या ट्रायपॉडवर यासाठी दांडा जवळजवळ पूर्ण वर काढावा लागतो आणि पुन्हा मागाशी गाठ. इथे पायच १३४ सेंमीचे हवेत.

दोन, नॅपकिन. घडी घालून, सपाट ठेवून, बरोबर वरून फोटो. यासाठी कॅमेरा पायांच्या बाहेर काढून खाली बघता आला पाहिजे. मॅनफ्रोटोच्या ०५५ आणि १९० मालिकांसारख्या काही ट्रायपॉडमध्ये मधला दांडा वर काढून आडवा बसवता येतो. आता इतरही अनेक तसं देतात. उलट गित्झोच्या सिस्टमॅटिक मालिकेत दांडा नसतोच, वर सपाट चकती असते. डोंगरात मोठी लेन्स घेऊन फिरणाऱ्यासाठी तेच योग्य. अक्काला मात्र दांडा हवाच होता, पण उंचीसाठी नव्हे, आडवा करायला.

त्यामुळे निकष असे पडले: दांड्याशिवाय पाय १३५-१४० सेंमी, तीन भागांचे, चार नकोत, वरची नळी २८ मिमीच्या आसपास, दांडा आडवा होणारा. वस्तू ॲल्युमिनियमची, कार्बनची नाही. कार्बन फायबर हलकं असतं आणि थरथर लवकर शोषतं, हे खरं. पण हा ट्रायपॉड खोलीतून बाहेर जाणार नाही. जो खांद्यावर घ्यायचाच नाही त्याचं वजन कमी करायला दुप्पट पैसे कशाला? इथे वजन उलट हवं आहे. भावाचा सहा फुटी मात्र बाद. तो चार भागांचा होता, खालची नळी बोटाएवढी, आणि सहा फूट होत होते ते अर्थात दांडा धरून. त्याची हौस गड्डा यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांचे फोटो काढायची आहे. त्या गर्दीत ट्रायपॉड उभा करायला जागा मिळाली तर मला कळवावं, असं मी त्याला सांगितलं. कुणाच्या गच्चीवरून काढणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कठड्यावरून खाली रस्त्यावर कॅमेरा वळवावा लागतो आणि उचललेला दांडा खरोखर कामाला येतो, कारण कॅमेरा कठड्याच्या वर आणि थोडा पुढे न्यायचा असतो.

नव्या ट्रायपॉडचे पाय जोडापर्यंत १३८ सेंमी भरले. सिंगल चादरीला पाइप पुन्हा मूळ जागी गेला, पाय १२१ सेंमीपर्यंतच उघडतात, खालचा बारीक भाग बराचसा आत राहतो. डबलला १३४. रुंदी जास्त असल्याने डबल चादर ३५ मिमीवर खोलीत मावत नाही. २४ मिमीवर ३.७ मीटरवरून घेतो. लेन्स रुंद झाली की उंचीची चूक जास्त दिसते, म्हणून पाइपच्या मध्यावर एक दोरी सोडली आहे, तिला चादरीच्या मध्यावर गाठ. कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या जाळीच्या मधल्या चौकोनात ती गाठ आली आणि हेडमधल्या पाणसळीचा बुडबुडाही मधोमध असला की उंची बरोबर. शेवटचे दोन-तीन सेंमी अक्का दांड्यानेच जुळवते. तीन पायांची कुलुपं पुन्हा उघडून एवढ्याशा फरकासाठी झगडण्यात अर्थ नाही, आणि तेवढ्या दांड्याला माग काही करू शकत नाही.

नॅपकिनची मांडणी जमिनीवरच्या पाटावर आहे, टेबलावर नाही. ६० सेंमी रुंद चौकट ३५ मिमीवर घ्यायची तर कॅमेरा नॅपकिनच्या वर सुमारे ९० सेंमी हवा. टेबलावरून ती उंची साडेपाच फुटांवर जाते, पाटावरून जेमतेम साडेतीन. आडवा दांडा दोन पायांच्या मधोमध काढायचा, म्हणजे फोटोत पाय येत नाहीत. पण तिथेच ट्रायपॉड कलण्याची शक्यताही सगळ्यात जास्त: दोन पायांना जोडणारी रेघ मध्यापासून पायांच्या पसाऱ्याच्या फक्त निम्म्या अंतरावर असते, आणि तीस सेंमी बाहेर काढलेला कॅमेरा त्या रेघेपलीकडे जातो. ट्रायपॉड स्वतःच्या वजनावर उभा राहतो, पण घरात लहान पोर पळत आलं की संपलं. कांड्यांची पिशवी आता इथे, दांड्याच्या मागच्या टोकाला, आणि तिसरा पायही त्याच बाजूला. माग चालू असताना आडवा दांडा उभ्या दांड्याइतकाच थरथरतो, म्हणून नॅपकिनचे फोटो अक्का कामगार जेवायला बसतात त्या अर्ध्या तासात उरकते.